धुराच्या परीक्षेत नापास

सकाळी धुराच्या परीक्षेत गाडी नापास झाली आणि अरासेलीचं धाबं दणाणलं. उद्या शेवटची मुदत. गाडी घरी बसली तर सोचिमिल्कोच्या मळ्यातली फुलं बाजारात न्यायची कशी? दिसलं त्या पहिल्या गॅरेजात ती शिरली.

मेकॅनिक तरुण होता, नाव रूतिलियो. डोळे असे, की समोरचीनं हिशेब विसरावा.

"टाकीत काही ओतलंत का?"

"छे... काही नाही."

त्यानं धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेला मीटर जोडला. "काटा वर-खाली नाचला तर तब्येत ठणठणीत. बसून राहिला तर गेला."

काटा तळाला बसून राहिला. नवा सेन्सर सोमवारशिवाय मिळणार नव्हता. "पण मुदत उद्याची आहे! माझी फुलं सुकून जातील," अरासेली म्हणाली.

"थांबा, मेलाय की नुसता रुसलाय, बघू." त्यानं हवेच्या नळीत पेट्रोलचा फवारा मारला. काटा टुणकन वर गेला.

"सेन्सर खरं बोलतोय," तो हळूच म्हणाला. "खोटं दुसरंच कुणीतरी बोलतंय."

तिचे कान लाल झाले. "अल्कोहोल... बाटलीभर. कोपऱ्यावर केसादियाच्या पोळ्या विकणाऱ्या बाई म्हणाल्या, गाडी हमखास पास होते."

तो हसत हसत टायरवरच बसला. "ती माझी आई. सगळ्यांना हेच सांगते. आणि मी सगळ्यांच्या टाक्या उपसत बसतो."

आता अरासेलीलाही हसू आवरेना. त्यानं टाकी उपसली, ताजं पेट्रोल भरलं, गाडी तापू दिली. दोघं मीटरवर वाकले, खांद्याला खांदा लागला... आणि काटा नाचू लागला. दोघांपैकी कुणीच बाजूला सरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. काचेवर नवं स्टिकर लागलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिथून बाजारात जायचं सोडून ती थेट गॅरेजात आली.

रूतिलियोचा चेहरा उतरला. "आता काय बिघडलं?"

"काहीच नाही. बिघडल्याशिवाय आलेलं चालतं का... ते विचारायला आले."

तो बराच वेळ स्वच्छच हात पुसत राहिला. "चालतं. मला तर कालपासून तीच धास्ती होती. म्हटलं, गाडी पास झाली की ही कशाला परत येतेय..."

"आणि तरी इतकी मन लावून दुरुस्त केलीस? वेडा आहेस का तू?"

"तुझी फुलं सुकली असती ना," तो म्हणाला.