बाप्तिस्म्याच्या वहीतलं पान

१९२४ सालचं पान नाहीसं झालं होतं. शिवणीलगत ब्लेडने इतक्या सफाईने कापलेलं, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

इन्स्पेक्टर मोनिसोला अकेरेलेने बाप्तिस्म्याची वही मिटली. उद्या सकाळी ही वही न्यायालयात हजर करायची होती. इलेओडोची गादी दोन वर्षं रिकामी होती आणि त्या गावचा नियम एकच होता: बापाच्या राज्यारोहणानंतर जन्मलेल्या मुलालाच गादी, त्यातही थोरल्याला आधी. दिवंगत राजे १९२४च्या जूनमध्ये गादीवर बसले. त्यांचे धाकटे चिरंजीव ओयेवुमी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मले, त्यांची नोंद वहीत शाबूत होती. वाद थोरल्या अदेगोरोये यांच्यावरून होता. ते म्हणत, आपला जन्म ऑक्टोबरचा. विरुद्ध पक्ष म्हणे, मार्चचा.

"या वहीच्या कपाटाची चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच," चर्चचा म्हातारा सेवेकरी सॅम्युएल ओमोटोशो म्हणाला. त्याला सकाळीच ताब्यात घेतलं होतं. खुर्चीच्या अगदी कडेला तो बसला होता.

"आणि ओयेवुमी तुमचे भाचे."

"म्हणून मी चोर झालो? पस्तीस वर्षं या वहीवरची धूळ पुसतोय, बाई."

"या आठवड्यात वही कुणी मागितली?"

"एकट्या अदेगोरोये साहेबांनी. गुरुवारी. सहीशिक्क्याची नक्कल हवी होती त्यांना. मी घंटेचा दोर बदलायला बाहेर गेलो. अर्ध्या तासाने साहेब निघाले. म्हणाले, नक्कल राहू दे, घाई नाही."

"ते गेल्यावर तुम्ही वही पाहिली?"

"नाही." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "तेवढंच चुकलं माझं."

उद्यापर्यंत खरा चोर सापडला नाही, तर हा सत्तरीला टेकलेला माणूस तुरुंगात जाणार होता. मोनिसोलाने गाडी राजवाड्याकडे वळवायला सांगितली.

अदेगोरोये अंगणातच होते. पांढराशुभ्र घोळदार झगा, ताठ टोपी.

"वा! दाखला माझा चोरीला जातो आणि चौकशीही माझीच?"

"गुरुवारी नक्कल का घेतली नाहीत?"

"मूळ वही कोर्टात येणारच होती. नक्कल कशाला?"

"मग मागायला कशाला गेलात?"

ते हसले. झग्याची बाही सावरली. "वकिलाने सांगितलं होतं. नंतर वाटलं, गरज नाही."

एवढ्यात ओयेवुमी आत आले. "मार्चचा ऑक्टोबर करायला एक ब्लेड पुरलं म्हणायचं, दादा!"

"कुठलं ब्लेड, ते तुझ्या मामाला विचार."

"गप्प बसा!" ओसरीवरून खणखणीत आवाज आला. दिवंगत राजांची हयात असलेली एकमेव राणी, इया अबेके, सुपात भोपळ्याच्या बिया सोलत होती. "ओयेवुमी, गाढवा, थोरल्या भावाशी असं बोलतात? आणि मोतीदंत, तुम्ही तरी शांत व्हा, धनी माझे."

मोनिसोला ओसरीवर जाऊन बसली. म्हातारीने तिच्यापुढे वाफवलेल्या चवळीच्या वड्या सरकवल्या.

"खा. मखमलकंबरेची कृती आहे. तीच मला शिकवून गेली."

"मखमलकंबर कोण, इया?"

"नणंद माझी. खरं नाव कसं घेऊ? मी या घरात आले तेव्हा ती इथे होतीच ना."

मोनिसोलाचा हात वडीवरच थांबला.

"आणि तुम्ही कधी आलात?"

"राजे गादीवर बसल्याच्या सातव्या दिवशी. अंगणातला मांडवही अजून उतरवला नव्हता. साल मला विचारू नकोस, वाचता येत नाही मला. कोर्टानेही कधी काही विचारलं नाही."

मोनिसोला उठली. दोघा भावांना तिने ओसरीपाशी बोलावलं.

"अदेगोरोये साहेब, हे तुम्हाला सांगावं लागू नये. आपल्यात सून घरात येते तेव्हा जो कुणी आधीच जन्मलेला असतो, तो तिच्यापेक्षा मोठा. मग तो पाळण्यातलं बाळ का असेना. त्याचं नाव ती घेत नाही. त्याला लाडाचं नाव देते, धनी म्हणते. मागाहून जन्मलेल्याला खुशाल नावाने हाक मारते, गाढवही म्हणते." ती थांबली. "इया जूनमध्ये या घरात आल्या. तुम्ही ऑक्टोबरात जन्मला असता, तर आज अंगणात त्यांनी तुम्हाला अदेगोरोये म्हणून दटावलं असतं."

मोनिसोला अदेगोरोयेंकडे वळली.

"त्या पानावर मार्च लिहिला होता. ते नाहीसं होण्यात फायदा फक्त तुमचा होता. ओयेवुमींना तेच पान हवं होतं. मग त्यांचे मामा ते का कापतील? नक्कल तुम्हाला नकोच होती, साहेब. वहीपाशी अर्धा तास एकट्याने बसायला मिळावं, एवढंच हवं होतं."

"ही म्हातारी काहीही बरळते!" अदेगोरोये ओरडले. "इया, सांगा त्यांना! सवयीने म्हणता तुम्ही. सांगा!"

म्हातारीच्या मांडीवरचं सूप कलंडलं. "पाठीला बांधून वाढवलं तुम्हाला. आल्या दिवशी मला दाखवलं होतं, एवढंसं तान्हं, तरी पुढचे दोन दात लवकरच फुटले होते; म्हणून तर मोतीदंत. मी खोटं कसं बोलू?"

अदेगोरोये ओसरीच्या पायरीवर बसले. टोपी हातात घेतली.

"तीन महिन्यांचा उशीर," ते अखेर म्हणाले. "तीन महिने उशिरा जन्मलो असतो, तर गादी माझी होती."

"पान कुठे आहे?"

"जाळलं."

संध्याकाळी मोनिसोलाने चौकीचं दार स्वतः उघडलं. ओमोटोशो बाहेर आला. भाच्याला गादी मिळणार का, हे त्याने विचारलं नाही.

"पान मिळालं, बाई? मी शिवून घेतो. सुईदोरा आहे माझ्याकडे."

तिने मान हलवली. "जाळलं त्यांनी."

म्हातारा तिथेच उभा राहिला. ओठ हलत होते. तो काहीतरी आठवून आठवून मोजत होता.

"त्या पानावर आणखी अकरा मुलं होती," तो म्हणाला.