टॅब्लेटबरोबरचा पेला

कॅथरीन रुमाव खुर्चीत बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते मुलीबद्दल. जेनिसची बारावीची परीक्षा जवळ आली होती. नवऱ्याचा व्हिसा रद्द झाला तर पोरीला परीक्षेच्या तोंडावर उचलून वसईला न्यावं लागणार होतं.

मुनाफ परकारने तिच्यापुढे पाणी ठेवलं. आखातातल्या मनामा शहरात, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं. पाटीवर 'क्लिअरन्स एजंट', म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणारा, असं असलं तरी हा रत्नागिरीकर ओळखला जायचा तो लोकांची नसती लचांडं सोडवण्यासाठी. कोपऱ्यात त्याचा मित्र डेरिक लोपीस पेपर चाळत होता. डेरिक गाड्यांच्या शोरूममध्ये हिशेब बघायचा, सुट्टीच्या दिवशी मुनाफला गाडीतून फिरवायचा आणि प्रत्येक प्रकरणात न चुकता भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

कॅथरीनचा नवरा एडवर्ड एका मोठ्या हॉटेलात बारमन होता. त्या हॉटेलात मॅक्रे नावाचे म्हातारे स्कॉटिश इंजिनिअर दरवर्षी आपल्या देशबांधवांना बोलवायचे. त्यांच्याकडची गोडाची एकेक वस्तू आणि तिच्या जोडीला एकेक सिंगल माल्ट व्हिस्की, असा तो बेत असे. शॉर्टब्रेडबरोबर हलकी, मधाळ. सुक्या मेव्याच्या केकबरोबर शेरीच्या पिंपात मुरलेली. सगळ्यात शेवटी टॅब्लेट. ही टॅब्लेट म्हणजे साखर, लोणी आणि आटवलेलं दूध घोटून केलेली रवाळ वडी, आपल्या दुधाच्या वडीची गोरी मावसबहीण. तिच्याबरोबरची बाटली मात्र मॅक्रेंची स्वतःची होती. त्यांची बायको मोराग ज्या बेटावर जन्मली, तिथली. वर्षातून एकदाच ती उघडायची आणि पुन्हा हॉटेलच्या कपाटात कुलपाआड जायची.

मोराग गेल्या जुलैत वारल्या. यंदा रमजानमुळे बार बंद होते, म्हणून पार्टी ईदनंतर झाली. रिवाज असा की यजमानाने टॅब्लेटचा तुकडा खायचा, पहिला घोट घ्यायचा आणि मगच बाटली फिरवायची. मॅक्रेंनी तुकडा खाल्ला, घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. ही माझी व्हिस्की नव्हे, ते म्हणाले. कोणीतरी ती पिऊन बाटलीत दुसरंच काहीतरी भरलंय. कपाटाची किल्ली एडवर्डकडे होती.

"एडवर्ड पितो?" मुनाफने विचारलं.

"लग्नाआधी प्यायचा. आता नुसता वास घेतो," कॅथरीन म्हणाली. "त्या नाकावरच आमचं घर चाललंय, मुनाफभाई. चोरीचा शिक्का बसला तर गल्फमध्ये कुणी दारात उभं करणार नाही त्याला."

हॉटेलात असिस्टंट मॅनेजर वकार भेटला. माणूस वाईट नव्हता, पण जुन्या गिऱ्हाइकाच्या शब्दापुढे त्याचं काही चालत नव्हतं. दुसरी किल्ली त्याच्या तिजोरीत होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता, हे त्याने स्वतःच सांगितलं. एडवर्डला काढण्याचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. आठवड्याअखेर त्यावर सही होणार होती.

"बाटलीत काय आहे ते तुम्ही तपासलं नाहीत?"

"मी पीत नाही. पाहुण्यांनी लाजेने हात लावला नाही. आणि त्या व्हिस्कीची खरी चव माहीत असलेला माणूस एकच. तोच नाही म्हणतोय."

मुनाफही पीत नव्हता. त्याने डेरिककडे पाहिलं. आयुष्यात एकदाच मैत्री उपयोगी पडल्यासारखा डेरिकचा चेहरा उजळला. त्याने घोट घेतला, खोकला आणि डोळे पुसले.

"बाबा रे. ओली माती जाळल्यासारखा धूर आहे. मागून समुद्राचं मीठ, आणि शेवटी दवाखान्यात शिरल्यासारखं वाटतं."

"अशी दुसरी बाटली हॉटेलात आहे?" मुनाफने वकारला विचारलं.

वकारने नकारार्थी मान हलवली. धुराची व्हिस्की इथे कोणी मागत नाही, म्हणून ते ठेवतच नाहीत.

एडवर्ड मागच्या खोलीत पेले पुसत बसला होता. काम काढून घेतलं होतं, तरी हात थांबत नव्हते. ओतताना धूर नाकात आला होता, बाटली बरोबर होती, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आरोपीच्या नाकावर विश्वास कोण ठेवणार, हेही त्यालाच कळत होतं. मुनाफने त्याला त्या संध्याकाळचं आणखी काही आठवतं का ते विचारलं.

"एका बाईने विचारलं, टॅब्लेटमध्ये काय घातलंय म्हणून. वेलचीचा वास येत होता तिला. बहुतेकांनी तुकडा तसाच ठेवला. साहेबांनी मात्र सगळा खाल्ला. उभे राहून म्हणाले, अगदी मोरागच्या हातची. सगळे खाली बघायला लागले. दुःखात माणूस बोलतो काहीतरी."

मॅक्रेंच्या घरी, रिफाला जाताना डेरिकने गाडीतच निकाल लावून टाकला. चोराने अस्सल व्हिस्की लांबवली आणि तिच्या जागी दुसरी धुराचीच भरली, म्हणजे चोर जाणकार आहे, म्हणजे तो पाहुण्यांपैकीच. मुनाफने त्याला पुढच्या राउंडअबाउटकडे लक्ष द्यायला सांगितलं.

मॅक्रेंनी स्वतः दार उघडलं. उंच, वाकलेला माणूस, कोटाची बटणं वरखाली लागलेली. दिवाणखान्यात बसताच डेरिकने नाकाला रुमाल लावला आणि काहीतरी करपतंय असं हळूच म्हणाला. मॅक्रे चमकले, स्वयंपाकघरात गेले आणि काळी पडलेली कढई धरून परत आले. स्वयंपाकवाली मसूदा बाजारात गेली होती, अंड्यांचं मी विसरलोच, असं म्हणून त्यांनी माफी मागितली. दोघे येईपर्यंत ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खुर्चीतच वाचत बसले होते.

बाटलीचा विषय निघाल्यावर त्यांचा आवाज कडक झाला. मोरागच्या वडिलांच्या चुलीत ओल्या मातीच्या वाळवलेल्या विटा जळायच्या, त्यांचा धूर त्या व्हिस्कीत होता. तो आणि समुद्र. मोराग थट्टा करायची, की हिला आमच्या गावच्या डॉक्टरच्या खोलीचा वास येतो.

"मग त्या दिवशी पेल्यात काय होतं?"

"आग. नुसता जाळ, त्यात काही नाही. पाण्यात स्पिरिट घातल्यासारखं." त्यांनी कढई बाजूला ठेवली. "ती गेल्यापासून मला अन्न गोड लागत नाही, मिस्टर परकार. ते मी समजू शकतो. पण तो एक पेला मला हवा होता. वर्षभर मी त्याचीच वाट बघत होतो. एवढं एक राहिलं होतं, तेही कुणीतरी चोरलं."

तेवढ्यात मसूदा भाजी घेऊन आली. रायगडकडची, पन्नाशीची बाई. मोरागबाईंच्या वेळेपासून ती या घरात होती. मुनाफने तिला अंगणात गाठलं. टॅब्लेट तिनेच केली होती आणि डबा घेऊन हॉटेलातही तीच गेली होती, हे कळल्यावर डेरिकने तिच्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहून घेतलं.

"वेलची का घातलीस, बाय?"

मसूदा कावरीबावरी झाली. "हात गेला, मुनाफभाई. दूध-साखर आटायला लागली की आमचा हात डब्यात जातोच. मेमसाहेब असत्या तर ओरडल्या असत्या. मी चाखणार कशी, माझा शव्वालचा रोजा होता. म्हणून साहेबांनाच चव बघायला दिली. म्हटलं, ते नको म्हणाले तर परत करेन."

"आणि ते काय म्हणाले?"

"डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, तिच्यासारखीच झालीय. मग मी कशाला तोंड उघडू?"

ईदनंतरचे ते सहा रोजे मुनाफच्याही घरी चालू होते. म्हणजे बायको ठेवत होती, आणि मुनाफ उद्यापासून ठेवणार होता. त्याने मसूदाला साहेबांच्या तब्येतीचं विचारलं. मेमसाहेबांना पुरलं त्याच आठवड्यात साहेब बाथरूममध्ये पडले होते. डोक्याला मागे टाके पडले. तेव्हापासून जेवण कमी झालं, आणि पानात जे येईल त्यावर लिंबू आणि मिरचीचा सॉस ओतायची सवय लागली.

"यल्ला, चल डेरिक," मुनाफ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. प्रकरण सुटलं की तो एरवी शीळ घालायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद बारमध्ये सगळे जमले. वकार पत्र घेऊन आला होता. एडवर्ड कॅथरीनशेजारी मान खाली घालून उभा होता. मसूदा दाराशी टेकली होती. मॅक्रे टेबलाशी बसले होते आणि त्यांच्यासमोर दोन पेले पाणी होतं.

"मिस्टर मॅक्रे, यातल्या एकात मी काहीतरी मिसळलंय. कशात ते सांगाल?"

मॅक्रेंनी दोन्ही पेले नाकाशी नेले, दोन्हींतला घोट घेतला आणि ही काय थट्टा आहे असं विचारलं. त्यांच्या मते दोन्हींत साधं पाणीच होतं. दाराशी उभ्या मसूदाने तोंडाला पदर लावला. डाव्या पेल्यात इतकं गुलाबपाणी होतं, की त्याचा घमघमाट तिच्यापर्यंत आला होता.

मुनाफने खुर्ची ओढली आणि तो त्यांच्यासमोर बसला. मॅक्रेंना कळावं म्हणून तो इंग्रजीत, सावकाश बोलत होता.

"तुमची बाटली कुणीही चोरलेली नाही. डेरिकने ती चाखली तेव्हा तुमचं-आमचं बोलणंही झालं नव्हतं. त्याला ओल्या मातीचा धूर लागला, समुद्र लागला आणि दवाखाना लागला. तुम्ही मला तेच सांगितलंत. अशी दुसरी बाटली या हॉटेलात येतच नाही. एडवर्डलाही ओतताना धूर आला होता. तो खरं बोलत होता."

"मग माझ्या तोंडाला तो का लागला नाही?"

"तुम्हाला जाळ लागला. गोड, आंबट, तिखट, जाळ हे जिभेला कळतं. धूर कळतो तो नाकाला." मुनाफने गुलाबपाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "मसूदाने टॅब्लेटमध्ये वेलची घातली होती. सगळ्या पाहुण्यांना ती कळली, तुम्हाला नाही. जिभेला साखर कळली, दातांना रवाळपणा कळला, म्हणून ती तुम्हाला मोरागबाईंच्या हातची वाटली. काल तुमच्या स्वयंपाकघरात कढई जळत होती. आम्हाला दिवाणखान्यात वास आला, तुम्हाला शेजारी बसून आला नाही. जेवणावर तुम्ही लिंबू आणि मिरची ओतता, कारण तेवढंच तुम्हाला लागतं. जुलैत तुम्ही डोक्यावर पडलात. असल्या माराने कधीकधी वास कायमचा जातो. अन्नाची चव दुःखाने गेली असं तुम्हाला वाटलं, आणि माणूस गेल्यावर सगळेच तसं म्हणतात, म्हणून कुणाला शंका आली नाही. तुम्हालाही नाही."

डेरिकचा हात बाटलीकडे चालला होता, तो त्याने मागे घेतला. वकार म्हणाला, की डॉक्टरला दाखवून खात्री करून घेता येईल. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मॅक्रे उठले आणि एडवर्डसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी सरळ शब्दांत त्याची माफी मागितली. एडवर्डला काय करावं कळेना. त्याने साहेबांना खुर्ची दिली. वकारने ते पत्र सगळ्यांसमोर फाडलं. कॅथरीन भिंतीकडे तोंड करून रडली. इतके दिवस ती रडली नव्हती.

म्हातारा मात्र बसल्या जागी काहीतरी मागचं आठवत होता. त्याचा चेहरा हळूहळू असा होत गेला, की मुनाफला आपण हे प्रकरण हातात घेतलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"सप्टेंबरमध्ये मी तिचं कपाट उघडलं," मॅक्रे म्हणाले. "तिचा एकेक स्वेटर नाकाशी धरला. काहीच नव्हतं. मला वाटलं, इतक्या लवकर ती या घरातून गेलीसुद्धा. मग ठेवायचे कशाला? सगळे चर्चच्या सेलला देऊन टाकले." ते मसूदाकडे वळले. "तूच बांधलेस ते. मला खरं सांग. त्यांना तिचा वास होता?"

मसूदाने मुनाफकडे पाहिलं. मुनाफने नजर खाली वळवली.

"नव्हता, साहेब," ती म्हणाली. "सगळे धुऊन ठेवलेले होते. साबणाचाच वास येत होता."

मॅक्रेंनी मान डोलावली.

तिचं बोलणं खोटं पाडतील असे तीन प्रश्न मुनाफला तिथल्या तिथे सुचले होते. त्याने एकही विचारला नाही. डेरिकला त्याने गाडी काढायला सांगितलं आणि साहेबांना हात देऊन उठवलं.