टॉर्पेडोच्या खोलीतली दुपार

तमिळ किनाऱ्यावरच्या एण्णोर गावी वाळूवर ओढून ठेवलेल्या म्हाताऱ्या पाणबुडीचं संग्रहालय झालं आणि आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या रत्नाकररावांना तिथं दारं उघडण्या-लावण्याचं काम मिळालं. माणूस सज्जन, पण जेवणाची वेळ झाली की त्यांना दुसरं काही सुचत नसे. दुपारी पाणबुडी तासभर बंद असे. लोखंडी दार लावण्याआधी पान्यानं तीन टोले द्यायचे, कान देऊन वाट पाहायची, मगच चाक फिरवायचं, ही तिथली रीत. आत कुणी राहिलं असेल तर त्यानं उलट टोले द्यायचे.

मे महिन्यातल्या त्या दुपारी त्यांच्या पत्नी विद्युलताबाईंनी डब्यात भरली वांगी दिली होती. रत्नाकररावांच्या पोटात कावळे कोकलत होते. टोले दिलेच नाहीत त्यांनी. चाक फिरवलं, दिवे घालवले आणि सुरूच्या सावलीत जाऊन डबा उघडला.

डबा संपत आला तेव्हा शिडीपाशी त्यांना गिरिधरच्या चपला दिसल्या.

गिरिधर तिथला वायरमन, तंजावरकडच्या मराठी घरातला. रत्नाकररावांवर त्याचा फार जीव. देवळात शिरावं तसा तो चपला काढूनच पाणबुडीत जाई. टॉर्पेडोच्या खोलीतला दिवा बदलायचाय, असं सकाळीच म्हणाला होता. रत्नाकरराव उष्ट्या हातानं धावले. दाराचं चाक हाताला चटके देत होतं.

आत गरम तेलाचा आणि गंजाचा वास कोंडला होता. अगदी पुढच्या खोलीत गिरिधर घामानं निथळत जमिनीवर पडला होता. पण हसत होता!

"भ्यालो नाही, अण्णा... मी टोले दिले, तुम्ही उलट दिले. मग बोलत बसले ना माझ्याशी."

"मी?"

"होय की. खाली निजून राहा, श्वास हळू घे, सांगट्लं तुम्ही." त्यानं पाणबुडीच्या नाकाकडे हात केला. तिकडे नुसत्या टॉर्पेडोच्या नळ्या होत्या, बाहेरून वेल्डिंग करून कायमच्या बंद केलेल्या.

खरं सांगावं, तर गिरिधरनं पुन्हा त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

"हो... मीच होतो," ते म्हणाले. बोलताना त्यांना स्वतःची शिसारी आली.

गिरिधरनं त्यांचे पाय धरले. "एवढुसं तर मागितलं तुम्ही. उद्या घेऊन येतो."

काय मागितलं? आता ते विचारायची सोय उरली नव्हती. रात्री रत्नाकररावांना घास गिळवेना. उद्या गेल्या गेल्या सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी दहादा ठरवलं. सकाळी गिरिधर दिसलाच नाही, तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

दुपार होता होता तो आला. रत्नाकरराव तिकिटाच्या खिडकीपाशी होते. गिरिधरनं लांबूनच आनंदानं हात हलवला. दुसऱ्या हाताला त्याची पाच वर्षांची लेक ऊर्मी होती. नवा परकर, केसांत मोगरा.

"चढ, पाप्पा," शिडीपाशी येऊन तो लेकीला लाडानं म्हणाला. "अण्णांना तुला बघायचंय आत."

रत्नाकरराव धावत सुटले. "गिरी, थांब! काल मी नव्हतो रे! मी जेवत होतो... टोलेसुद्धा दिले नाहीत मी. खोटं बोललो!"

गिरिधर शिडीवरच वळला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. मुलीचा हात केव्हाच सुटला होता, आणि ती उघड्या दारातून आत वाकून पाहत होती.

आतल्या अंधारातून रत्नाकररावांचाच मायाळू आवाज आला.

"ये गं बाळ... डोकं सांभाळ."