मार्थाला कुणी ओळखत नाही

१९९४ साली बँकेनं माझी नागपूरहून बनारसला बदली केली. मंगला गौरीच्या देवळाजवळ अंबिकाकाकूंच्या घरी वरच्या दोन खोल्या मिळाल्या. काकू जन्मापासून काशीतल्या. मराठीत हिंदी मिसळून बोलायच्या. आमची नऊ वर्षांची बकुळ सदैव त्यांच्याच स्वयंपाकघरात असायची.

माझी बायको सुरेखा मुलांसाठी कादंबरी लिहीत होती. कंपनी सरकारच्या काळातली गोरी पोर, मार्था. दंगलीत तिची आईवडिलांशी ताटातूट होते. ज्या घरांत ती खेळली, तिथलीच माणसं भीतीपोटी म्हणतात, हिला आम्ही ओळखत नाही. रोज चहाच्या वेळी सुरेखा लिहिलेलं वाचून दाखवायची.

एकदा बकुळनं विचारलं, "आई, ते खोटं बोलतात ना?"

"आधी खोटं बोलतात," सुरेखा म्हणाली. "मग खरंच विसरतात."

पुढच्या मंगळवारी देवळातल्या पुजाऱ्यांनी सगळ्या मुलांना पेढे दिले. एरवी ते बकुळला नावानं हाक मारायचे. त्या दिवशी तिचा पसरलेला हात तसाच राहिला. म्हातारपण, मी म्हटलं. मग शाळेचा रिक्षावाला तिला न घेता निघून गेला. बाईंनी वर्गात विचारलं, नवीन आलीस का? प्रत्येक वेळी मला काहीतरी कारण सापडत होतं.

एका सकाळी काकूंनी मला जिन्यात थांबवलं.

"शरदराव, ही मुलगी कोणाची हो? सुबह से पायरीवर बसलीय."

बकुळच्या अंगात काकूंनीच शिवलेला फ्रॉक होता. मी नाव सांगितलं. काकूंनी मान डोलावली. पाहुण्यांच्या पोरीकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी बकुळला तपासलं. ती ठणठणीत होती. मी नागपूरला एसटीडीवरून फोन केला, तिला थोडे दिवस आजीकडे ठेवावं म्हणून. आईनं मला नाव पुन्हा सांगायला लावलं. मग हळूच म्हणाली, "कोण बकुळ?"

त्या दिवशी सुरेखानं लिहिलेलं फाडलं आणि नवा शेवट लिहिला. एक बाई मार्थाला घरात घेते.

बकुळनं तो नीट ऐकला. "त्या बाईनं तिला ओळखलं, की नुसतंच आत घेतलं?"

सुरेखानं वही मिटली.

रविवारी मी बकुळला दशाश्वमेध घाटावर नेलं. गर्दीत ती म्हणाली, "बाबा, हात सोडू नका."

मी सोडला नाही. घरापर्यंत सोडला नाही.

सुरेखानं दार उघडलं. हाताला कणीक होती. तिनं बकुळकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, कुणाची ही?"

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. माझा आवाज चढला तशी सुरेखा घाबरली. मग पोरीची दया येऊन बाजूला झाली.

"ये बाळ. ऊन किती लागलंय तुला."

तिनं पाणी आणलं. बकुळ उंबऱ्याबाहेरच उभी राहून प्यायली.

मग पेला दोन्ही हातांनी परत देत म्हणाली, "थँक्यू, काकू."