स्टुलावरची बशी

आईने दिलेले चेस्टनट मिकेलकाकांकडे पोहोचवून इलारिया लगेच परतणार होती. बरोबर तिचा मामेभाऊ तोनिनो होता आणि त्याला सामना बघायचा होता. पण काकांनी चेस्टनट भोकाच्या तव्यात ओतले, नवी वाइन काढली आणि दोघांना बसवून घेतलं. एक नोव्हेंबरची संध्याकाळ होती. रोकापेर्नाच्या घराघरांतून खिडकीत दिवे लागले होते, कारण ह्या रात्री गेलेली माणसं घरी जेवायला येतात.

काकांचं टेबल मांडून झालं होतं. काकूंचं ताट, काकांच्या आईवडिलांची दोन ताटं. आणि टेबलाला लागून एका बुटक्या स्टुलावर एक लहान बशी.

“मांजर पाळलंत की काय, काका?” तोनिनोने विचारलं.

“नाही.”

“मग ती बशी कुणाची?”

काकांनी निखारे सारखे केले. “इलारिया, तू नगरपालिकेत ज्या खुर्चीवर बसतेस ना, तिच्यावर मी बत्तीस वर्षं काढली. जन्म-मृत्यूच्या नोंदी. तिथे बसून मी एक चूक केली. तिची ही बशी.”

“चुकीला जेवायला वाढतात हे आजच कळलं! इलारिया, काकांचा ग्लास बाजूला ठेव.”

“ठेव, आणि तूही तोंड बंद ठेव. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हीच रात्र, गुरुवार होता.”

आणि मग काकांनी सांगितलं ते असं.

त्या वर्षी अर्जेंटिनातल्या रोसारिओहून ओरासियो पेत्राका नावाचा माणूस गावात आला. वय पंचावन्नच्या पुढे. बगलेत निळी फाइल. फाइल त्याची नव्हती, त्याच्या थोरल्या बहिणीची होती. एल्दाची. आई कायम आजारी, म्हणून एल्दानेच त्याला वाढवलं होतं. लहानपणी तो रडायला लागला की ती फडक्याच्या कोपऱ्यात पाव-साखर बांधून त्याची पुरचुंडी त्याच्या तोंडात द्यायची. पुरचुंडीला दोन गाठी मारायची आणि वर तिसरी उलटी, म्हणजे पोराच्या घशात काही जायला नको. तिने लग्न केलं नाही. शेवटची तीन वर्षं तिने एकच ध्यास घेतला होता, आपण पेत्राका मुळात कुठले, कुणाचे.

त्यांचे आजोबा निकोला दर एक नोव्हेंबरला रोसारिओत टेबल मांडायचे आणि सकाळी म्हणायचे, “कोणी आलं नाही. मधे समुद्र आहे. तिकडच्या घरात मांडायला हवं.” एल्दाच्या मनात ते घर करून राहिलं. तिने गावोगावच्या नगरपालिकांना पत्रं लिहिली. शेवटी मिकेलकाकांनी तिला एका दाखल्याची नक्कल पाठवली. निकोला पेत्राका, बापाचं नाव पास्क्वाले, आईचं कार्मेला, जन्म १८९८. नक्कल पोहोचली त्याच आठवड्यात एल्दा गेली. जाण्याआधी ओरासियोचा हात धरून तिने एवढंच विचारलं होतं, “माझं ताट कुठे मांडशील रे?”

ते ताट मांडायला तो आला होता.

दाखल्याच्या नकलेवर एल्दाने पेन्सिलने लिहिलं होतं, “आजोबा दोन वर्षांनी मोठे कसे?” आजोबा आपला जन्म १९०० चा सांगायचे. ओरासियो काकांना हसत म्हणाला, “नोकरीसाठी वय चोरलं असेल म्हाताऱ्याने.” काकाही हसले.

घर शोधायचं तर गावात पेत्राका ढीगभर. काका त्याला जुन्या भट्टीच्या गल्लीत फिलुमेनाआजीकडे घेऊन गेले. ऐंशीच्या पुढची बाई, पण जिभेला गंज नव्हता.

“पेत्राका? दगड उचलला की खाली पेत्राका निघतो इथे. कुठले तुम्ही? खेचरवाले, घंटावाले की चाळणीवाले?”

ओरासियो गोंधळला. मग एकदम म्हणाला, “आजोबा रोसारिओत चाळण्या विणायचे. घोड्याच्या केसांच्या.”

आजीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “म्हणून हे नाक! मग हे पलीकडचंच घर तुमचं. तीस वर्षं किल्ली माझ्या खिळ्यावर लटकतेय. इतके दिवस कुठे होतास, गाढवा?”

असं म्हणून ती डोळे पुसायला आत गेली.

घरात खाली एक खोली, लाकडी जिना, वर एक खोली. आजीने खुर्च्या दिल्या, पांढरी चादर दिली, पाव, पाणी, वाइन दिली. रीतही सांगितली. दाराला कडी लावायची नाही. प्रत्येकाचं नाव एकदाच मोठ्याने घ्यायचं, आणि नाव घेतलं की ताट ठेवायचं. मग वर जाऊन झोपायचं. काहीही ऐकू आलं तरी खाली यायचं नाही.

“आणि नीट आठव हं बाळा,” आजी म्हणाली. “नाव घेतलं नाही तो दारातूनच परत जातो. उपाशी.”

ओरासियोने पाच नावं घेतली. पास्क्वाले. कार्मेला. निकोला. वडील एल्वियो. शेवटचं बहिणीचं. एल्दा. पाच ताटं, पाच ग्लास, पाच पांढरे रुमाल. खिडकीत दिवा ठेवून तो वर गेला.

बारा वाजले. घंटा ऐकू आली. एकची ऐकू आली. झोप नव्हती. कूस बदलली की पलंग करकरायचा, म्हणून तो उताणा पडून राहिला. आपण एवढ्या लांब येऊन काय पोरखेळ मांडलाय, असं त्याच्या मनात येत होतं.

एक वाजून गेल्यावर खालचं दार उघडलं.

वारा असेल.

खुर्ची सरकली. मग दुसरी. तो मोजत राहिला. तिसरी... चौथी. बराच वेळ काही नाही.

पाचवी.

आणि ग्लासवर नखाच्या दोन टिचक्या. टिक, टिक. पाणी पिण्याआधी एल्दा अशीच टिचक्या मारायची. आयुष्यभर. ओरासियोने उशी तोंडावर दाबली आणि रडला. पोचली. ताट मिळालं तिला.

“मग? संपली?” तोनिनो म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता. इलारियाने त्याला कोपराने ढोसलं. काकांनी एक चेस्टनट सोलला आणि तसाच हातात ठेवला.

मग खाली सगळं शांत झालं. जेवताजेवता सगळेच थांबावेत, तसं.

जमिनीवरून काहीतरी सरकत होतं. पावलं नव्हती. सरकायचं, थांबायचं. टेबलाभोवती एक फेरी. दुसरी फेरी. खुर्च्या पाचच. ते थांबत होतं प्रत्येक खुर्चीपाशी... आणि पुढे जात होतं.

मग जिन्याची पहिली पायरी वाजली.

ओरासियोला उठता येईना. दुसरी पायरी. तिसरी. प्रत्येक पायरीवर जड, ओला श्वास. त्याला एकच सुचलं. त्याने नावं घ्यायला सुरुवात केली.

“पास्क्वाले...”

पायरी.

“कार्मेला...”

पायरी.

“निकोला...”

थांबलं.

“एल्वियो...”

पायरी. आता अगदी वर.

“निकोला,” तो पुटपुटला. थांबलं. “निकोला.” दाराखालच्या फटीतून... हुंकार आल्यासारखा... हाक ओळखणाऱ्याचा.

मग खाली एक खुर्ची सरकली. जिन्यावरून कोणीतरी वर आलं, हलक्या पावलांनी. दाराबाहेर कपड्यांची सळसळ झाली. पावलं परत खाली गेली. जाताना जड होती... कडेवर ओझं असल्यासारखी.

उजाडेपर्यंत तो हलला नाही.

शुक्रवारी सकाळी नगरपालिका उघडायच्या आधीच तो पायरीवर बसला होता. तोंड पांढरं पडलेलं. काकांना म्हणाला, “एल्दाला ती दोन वर्षं खटकली होती. त्या नोंदवहीचं पुढचं पान दाखवा.”

काकांनी वही उघडली. जन्म १८९८ चा होताच. पण पुढे मृत्यूची नोंदही होती. निकोला पेत्राका, वय नऊ महिने. आणि १९०० साली त्याच आईबापांच्या पोटी पुन्हा एक मुलगा. निकोला पेत्राका.

“दोन?” ओरासियो म्हणाला.

“हो, दोन,” काका म्हणाले. “त्यात काय? मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला देत, घरोघरी तेच. तुमचे आजोबा हे दुसरे. मी घाईत पहिलाच दाखला पाठवला...” बोलता बोलता काकांना कळलं, आपण काय बोलतोय ते. जवळजवळ एकशे वीस वर्षं त्या घराण्यात निकोला अशी हाक मारली गेली. प्रत्येक वेळी ओ दुसऱ्याने दिली. पहिल्याचं म्हणून ताट कोणी मांडलंच नव्हतं.

काका त्याच्याबरोबर घरी गेले. पाचही ताटं जशीच्या तशी होती. चार पाव अखंड. पाचवा, एल्दाच्या ताटातला, कोपऱ्यात मोडलेला. तिचा रुमाल टेबलावर नव्हता. तो जिन्याच्या पायथ्याशी पडला होता.

गोष्ट तिथेच सोडून काका निखाऱ्यांपासून उठले. भिंतीतल्या कपाटाकडे गेले.

“ओरासियोने तो रुमाल बरोबर नेला नाही. म्हणाला, मधे समुद्र आहे, इथेच राहू दे. पहिल्या निकोलाची बशी तुम्ही मांडत चला. चूक माझी होती, मी हो म्हटलं.” त्यांनी एक पत्र्याचा डबा आणून टेबलावर ठेवला. “त्या घरात साखर नव्हती, पोरांनो. फिलुमेनाआजीने दिलीच नव्हती. मी स्वतः विचारलं.”

डब्यात पांढरा रुमाल होता. एका कोपऱ्यात काहीतरी बांधलेलं. दोन गाठी, वर तिसरी उलटी.

“सहा वर्षं झाली,” काका म्हणाले. “दर उन्हाळ्यात गच्चीवर उन्हात ठेवतो.”

तोनिनो खुर्ची मागे सारून उभा राहिला. इलारियाने हात पुढे केला आणि पुरचुंडीला बोट लावलं.

ती ओली होती. आणि कोमट.