रिकामं कोठार आणि अठ्ठाविसावा महिना

जहाज बंदराला लागलं तेव्हा शंतनु खुर्चीवर चढून नाचत होता आणि सुखदा त्याचा सदरा खाली ओढत होती. मल्लेश्वरमच्या त्या इंटरनेट कॅफेत दुपारी फारसं गिऱ्हाईक नसे. म्हणून मालक नरसिंहराव, म्हणजे सगळ्यांचे नरसिंहअण्णा, मुलांना एक संगणक देत. त्यावर सुखदा, तिचा धाकटा भाऊ शंतनु आणि शेजारची रम्या एक खेळ खेळत. एक बेट होतं, एक जहाज होतं आणि मार्चमध्ये पेरून, कापून भरलेलं धान्याचं कोठार होतं, ते जहाज परतल्यावरच उघडे. शेजारच्या बेटावरचे खेळाडू कुठल्या तरी दूरच्या देशातले होते. ज्याचं कोठार मोठं, तो जिंकणार.

रम्याने कोठाराचं दार उघडलं. आत एक दाणा नव्हता.

पडद्यावर खेळाने नोंद ठेवली होती : ५/४/९९, सर्व धान्य शेजाऱ्यांना भेट.

अण्णा चष्मा सावरत आले. त्यांनी तारीख वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. पाच एप्रिलला सुखदा-शंतनुची परीक्षा चालू होती. कॅफेत आली होती ती एकटी रम्या. परवलीचा शब्द मुलांना आणि अण्णांना सोडून कुणालाच ठाऊक नव्हता.

"मित्रांना न विचारता असं करतात का गं?" अण्णा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. "उद्यापासून इथे येऊ नकोस."

आपण काही केलं नाही, असं रम्या कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग चप्पल घालून निघून गेली.

त्या रात्री सुखदाला जेवण गेलं नाही. रम्या खोटं बोलत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. पण माहीत असून उपयोग काय? ते दाखवता यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शंतनुला घेऊन संगणकासमोर बसली आणि खेळातल्या सगळ्या नोंदी वाचू लागली. शंतनु कंटाळला. अचानक त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"ताई, हे बघ, आपलं वादळ. शीड फाटलं होतं ते. पण तारीख चुकली आहे."

तिथे लिहिलं होतं ४/२८/९९.

"चार तारीख, अठ्ठाविसावा महिना," शंतनु हसला. "असा महिना असतो का?"

सुखदा मात्र हसली नाही. वादळ झालं होतं अठ्ठावीस एप्रिलला. म्हणजे हा खेळ आधी महिना लिहीत होता आणि मग तारीख! मग ५/४ म्हणजे पाच एप्रिल नव्हेच, चार मे. आणि चार मेला शंतनुचा वाढदिवस होता. बाबांनी तिघांना देवनहळ्ळीचा किल्ला दाखवायला नेलं होतं आणि घरी यायला अंधार पडला होता.

मुलांपैकी कुणीच नव्हतं. मग उरलं कोण?

सुखदाला अण्णांची सवय आठवली. नवीन माणूस आला की ते हौसेने मुलांचा खेळ उघडून दाखवत. कॅफेच्या वरच्या मजल्यावर नुकतेच पुण्याहून आलेले पुरुषोत्तमकाका राहत. तिने त्यांना गाठलं. काका म्हणाले, हो, चार तारखेलाच त्यांना नोकरीचं नक्की झाल्याची ईमेल आली होती, ती वाचायला ते कॅफेत गेले होते. अण्णांनी खेळ दाखवला खरा, पण इतक्या भराभर, की त्यांना काहीच कळलं नाही.

सुखदाने काकांना सगळं सांगितलं आणि एक मदत मागितली.

संध्याकाळी काका कॅफेत आले आणि म्हणाले, "अण्णा, तो खेळ पुन्हा दाखवाल का?" अण्णांची कळी खुलली. सुखदाने आधीच खेळातलं एक पान उघडून ठेवलं होतं. पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न होता. त्याकडे न बघताच अण्णांनी एंटर दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. टेबलाखाली शंतनु कीबोर्डची वायर काढून बसला होता.

"अण्णा, स्वल्प थांबा," सुखदा म्हणाली. "खेळाने काय विचारलंय?"

"विचारतो काहीतरी. आपण हो म्हणायचं आणि पुढे जायचं."

पुरुषोत्तमकाकांनी प्रश्न मोठ्याने वाचून मराठीत सांगितला. "तुमचं जहाज शेजाऱ्यांना कायमचं भेट द्यायचं का?"

अण्णांचा हात कीबोर्डवरच राहिला. मग सुखदाने त्यांना वादळाची नोंद दाखवली, नंतर कोठाराची. अण्णांनी दोन्ही तारखा पुन्हा पुन्हा वाचल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मीच," ते हळूच म्हणाले.

ते तसेच उठून रम्याच्या घरी गेले. मुलं मागोमाग होती. दारात तिचे वडील उभे होते. अण्णा माफी मागू लागले, तेवढ्यात रम्या बाहेर आली.

"इथे नको अण्णा," ती म्हणाली. "तिथे सगळ्यांसमोर बोललात ना? तिथेच सांगा."

तिच्या वडिलांनी तिला दटावलं, पण अण्णांनी त्यांना थांबवलं. पोरीचं बरोबर आहे, असं ते म्हणाले.

कॅफेत तेव्हा सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. अण्णा मधोमध उभे राहिले आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत म्हणाले, "मी न वाचता बटण दाबलं, तारीख चुकीची वाचली आणि या मुलीवर आळ घेतला. चूक माझी आहे."

पुरुषोत्तमकाकांनी सुखदाच्या पाठीवर थाप मारली. आपल्या ऑफिसातल्या मोठ्या मोठ्या लोकांचीही अशाच तारखांनी फजिती होते, ते म्हणाले, पण त्यांच्यापैकी कुणी इतक्या चिकाटीने शोधत बसत नाही. शंतनुने त्यांना आठवण करून दिली की अठ्ठाविसावा महिना त्याने शोधला होता.

धान्य काही परत मिळणार नव्हतं. रम्याने मधली खुर्ची ओढली, बसली आणि बाह्या वर सारल्या.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून पेरू या."