माझ्यामागून म्हणा

बहरीनमधल्या जिदहफ्सच्या बाजारात मासळीचा वास संपतो आणि भट्टीतल्या गरम खुब्जचा, म्हणजे रोटीचा, सुरू होतो, तिथं बायकांच्या मंडळाची शिवणाची खोली होती. चौऱ्याण्णव साली रश्मी तिथं दुपारी इंग्रजी शिकवायला लागली, ती यशूला टोपलीत घालूनच. यशू नुकती धरून उभी राहायला लागली होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं. नवरा समाधान एसी दुरुस्तीला दिवसभर बाहेर.

मंडळाच्या मुदीरा, म्हणजे मुख्य बाई, खदिजा. टोपलीकडे बघून म्हणाल्या, "महिनाभर बघू. बाळाचा त्रास झाला, तर टीचर दुसरी."

नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. त्रास झालाच, तर यशूला खामगावला आजीकडं पाठवायचं, बिल्डिंगमधल्या इतरांनी आपली मुलं पाठवली तशी. त्यांची मुलं आता फोनवर आईला "कोण बोलतंय?" विचारायची.

रश्मीची शिकवायची पद्धत खामगावच्या शाळेतली. एक वाक्य बाईंनी म्हणायचं, मागून सगळ्या वर्गानं, कौलं उडतील अशा आवाजात. "धिस इज माय हाऊस." अबाया घातलेल्या बायका शिलाई मशीनवर हात टेकून गर्जायच्या. यशू टोपलीत टाळ्या पिटायची.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं, मागून एक आवाज जरा आधी येतो. बायकांच्या आधी. मग रश्मीच्याही आधी.

तिनं "धिस इज" म्हणायला तोंड उघडावं, तर कोपऱ्यातून "माय किचन" येऊन गेलेलं. तिला आधी कौतुकच वाटलं. कोण गं ही हुशार? बघितलं तर कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल.

"प्रतिध्वनी असंल," समाधान जेवता जेवता म्हणाला.

"प्रतिध्वनी नंतर येतो. आधी नाही."

"मंग एसीचा असंल."

दुसऱ्या दिवशी तिनं अकीलाला विचारलं. अकीला वर्गातली सगळ्यात थोराड, दर दुपारी यशूच्या मुठीत खजूर कोंबणारी.

"ती? ती आमच्या आधीपासून आहे, टीचर. शिकते बिचारी. शिकू दे."

"पण दिसत नाही."

"आम्ही तरी नवऱ्याला कुठं दिसतो?" अकीला म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. कोपरासुद्धा.

हळूहळू सवय झाली. रश्मी शब्द विसरली की कोपरा आठवण करून द्यायचा. सुरुवातीला तो आवाज पोरीसारखा बारीक होता. मग भरत गेला. पुढं पुढं रश्मीसारखाच वाटायला लागला, खामगावच्या हेलासकट.

महिना भरला त्याच दिवशी बाहेर धुळीचं वारं सुटलं आणि रश्मीचा घसा पार बसला. मुदीरा दारात खुर्ची टाकून बसल्या. रश्मीनं तोंड उघडलं. हवा आली फक्त.

"ओपन युवर बुक्स," तिचाच आवाज कोपऱ्यातून म्हणाला.

बायकांनी पुस्तकं उघडली. रश्मी नुसते ओठ हलवत राहिली, देवळातल्या आरतीला शब्द न येणाऱ्या माणसासारखी. धडा झाला, कविता झाली, बडबड करणाऱ्या अकीलाला एक दटावणीही मिळाली. यशू सगळा वेळ कोपऱ्याकडं बघून खिदळत होती.

"आवाज खणखणीत आहे," मुदीरा उठत म्हणाल्या. "बाळही गुणी. खलास, टीचर. झालं, नोकरी पक्की."

रश्मीनं आभाराची मान हलवायच्या आत कोपरा "शुक्रन" म्हणून मोकळा झाला.

मुदीरा गेल्या. बायका आवरायला लागल्या. रश्मीनं यशूला कडेवर घेतलं, तिच्या मानेत नाक खुपसलं. खजुराचा वास.

"माझी यशू कुठाय?"

तिचाच आवाज. मराठीत.

रश्मीचे ओठ यशूच्या मानेवर टेकलेले होते.

अकीला अबाया सावरता सावरता थांबली. "काय म्हणाली ती, टीचर?"

रश्मीनं यशूला आणखी घट्ट आवळलं.

पुन्हा तेच वाक्य आलं. या वेळी ओरडून, घसा फाटेल असा.

त्या दिवसानंतर कोपरा कधी बोललाच नाही. जणू त्याचं शिकून झालं होतं.

घसा आठवड्यानं सुटला. यशूला तेव्हाच नवा खेळ सापडला. आईची ओढणी डोक्यावरून घ्यायची, गुपचूप बसायचं, आणि कोणी "यशू कुठाय?" विचारलं की भुर्रकन बाहेर.

"अवो, विचार ना तिले," समाधान हसत म्हणाला. "वाट पाहून राहिली पोरगी."

ओढणीखाली हसू दाबलेलं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

रश्मीनं ओढणीबाहेर आलेलं इवलंसं पाऊल घट्ट धरलं. कोपरा नेहमी तिच्या आधी म्हणायचा. तिनं ओठ मिटून घेतले.